ट्रेनिंग झालं, सर्टिफिकेट मिळालं, पण नोकरी कुठंय?

अमेरिकेतलं कुठलंही जुनं कारखान्यांचं शहर घ्या, क्लीव्हलंड, डेट्रॉइट, मिलवॉकी, चित्र थोड्याफार फरकाने तेच दिसतं. शहराच्या मधल्या भागात जुन्या वस्त्या, राहणारे बहुतेक कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो, कित्येक घरं रिकामी, दुकानांची शटर खाली, आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एखादं अवाढव्य हॉस्पिटल किंवा युनिव्हर्सिटी. हॉस्पिटलवाले म्हणतात आम्हाला माणसं मिळत नाहीत, टिकत नाहीत. वस्तीतले म्हणतात आम्हाला काम मिळत नाही. आणि गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात.

हे असं का होतं आणि यावर कंपन्यांना सोबत घेऊन जो मार्ग तिकडे गेली तीस-चाळीस वर्षं चाचपतायत तो नेमका काय आहे, ते आज सांगते. आपल्याकडेही स्किल, स्किल असा जप चाललेला असतो त्यामुळे हे वाचायला हरकत नाही, पण आधी तिकडचं नीट समजून घेऊ.

तर सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरची. मोठमोठे हायवे झाले, शहराबाहेर उपनगरं वसली, गोरी कुटुंबं तिकडे गेली आणि त्यांच्या मागोमाग कारखाने, गोदामं, ऑफिसं पण गेली, कारण बाहेर जमीन स्वस्त आणि ट्रकला सोयीचं. काळ्या कुटुंबांना मात्र त्यांच्या मागोमाग तिकडे जाता आलं नाही, बँका त्यांच्या वस्त्यांना कर्ज देत नव्हत्या आणि उपनगरात त्यांना घर विकायला लोक तयार नव्हते. म्हणजे नोकरी गेली तीस मैल लांब आणि माणूस राहिला तिथेच, त्यात गाडी नाही. जॉन केन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच शिकागो आणि डेट्रॉइटचे आकडे मांडून हे दाखवलं होतं. क्लीव्हलंडची लोकसंख्या १९५० मध्ये ९ लाख १४ हजार होती, २०२० मध्ये ३ लाख ७२ हजार. अर्ध्याहून जास्त शहर निघून गेलं, आणि निघून जाणाऱ्यांबरोबर कामं पण.

आता कोणालाही वाटेल की मग सोपं आहे, बस लावा ना! लावली. १९९० च्या दशकात बाल्टिमोर, शिकागो, डेन्व्हर, मिलवॉकी आणि सेंट लुईस या पाच शहरांत प्रयोग झाला, मधल्या वस्त्यांतून उपनगरातल्या नोकऱ्यांपर्यंत लोकांना ने-आण करायची. ज्यांना ही सोय मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही अशा दोन गटांची तुलना केली तर एकूणात नोकरीत किंवा कमाईत म्हणावा असा फरकच पडला नव्हता. लांबच्या कमी पगाराच्या कामासाठी रोज दोन-दोन तास प्रवास, लेकरू आजारी पडलं तर मधेच परत यायची सोय नाही, कोण टिकेल तिथे? कल्याण-कर्जतहून रोज लोकलला लटकून येणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

बरं मग दुसरा उपाय, कंपनीला पैसे द्या. गरीब माणसाला घेतलंत तर त्याच्या पगाराचा काही भाग सरकार देईल. याचा एक फार बोलका प्रयोग ओहायोतल्या डेटन शहरात १९८०-८१ च्या सुमाराला झाला. सरकारी मदतीवर जगणाऱ्या लोकांच्या हातात एक व्हाउचर दिलं, मालकाला दाखवा, म्हणजे त्याला कळेल की तुम्हाला घेतल्यावर त्याचा फायदा आहे. आणि झालं काय, तर ज्यांच्या हातात व्हाउचर होतं त्यांना नोकऱ्या कमी लागल्या, ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांना जास्त! कारण मालकाने ती चिठ्ठी पाहिली की त्याला सवलत दिसत नव्हती, त्याला दिसत होतं की या माणसाला घ्यायला सरकारला पैसे द्यावे लागतायत म्हणजे काहीतरी गडबड असणार. चांगल्या हेतूने दिलेला कागदच कपाळावरचा शिक्का झाला. मला विचाराल तर या विषयातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही डेटनची ठेवावी.

शिक्क्याचा प्रश्न किती खोल आहे ते मिलवॉकीत डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं, त्यांचा अभ्यास २००३ मध्ये छापून आला. सारख्याच वयाचे, सारखंच शिक्षण दाखवणारे तरुण त्यांनी खऱ्याखुऱ्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवले, काहींनी अर्जात तुरुंगवास लिहायचा, काहींनी नाही. गोऱ्या आणि स्वच्छ रेकॉर्डच्या मुलांना ३४ टक्के ठिकाणांहून परत बोलावणं आलं, तुरुंगवास लिहिलेल्या गोऱ्यांना १७ टक्के. काळ्या आणि स्वच्छ रेकॉर्डच्या मुलांना १४ टक्के, आणि काळ्या आणि तुरुंगवास लिहिलेल्यांना ५ टक्के. पुन्हा वाचा हवं तर. तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्याला, काही गुन्हा न केलेल्या काळ्यापेक्षा जास्त फोन आले.

मग काही राज्यांनी आणि शहरांनी कायदा केला की अर्जावर गुन्ह्याचा रकाना ठेवायचाच नाही. ऐकायला एकदम योग्य. पण न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क सिटीत तपासलं तेव्हा दिसलं की रकाना गेल्यावर गोऱ्या आणि काळ्या अर्जदारांतलं अंतर उलट वाढलं. मालकाला माहिती मिळेना, मग तो नाव बघून अंदाज बांधायला लागला. म्हणजे मालकाच्या डोक्यातली भीती तशीच ठेवून बाहेरून नियम, पैसे, बस काहीही लावलं तरी ती भीती दुसऱ्या वाटेने बाहेर येते. त्यात अजून एक भर, खालच्या पायरीच्या बऱ्याच नोकऱ्या जाहिरातीने भरल्याच जात नाहीत, आत काम करणारा कोणीतरी आपल्या भाच्याला, शेजाऱ्याला घेऊन येतो. आपण वशिला म्हणतो, ते रेफरल म्हणतात. ज्या वस्तीत कामावर जाणारेच कमी त्या वस्तीला रेफरल देणार कोण?

इथे कंपन्यांशी भागीदारी ही कल्पना येते, आणि इथेच लोकांचा घोळ होतो. भागीदारी म्हणजे कंपनीने फोटो काढून एमओयूवर सही करणं नव्हे, आणि जॉब फेअरमध्ये टेबल टाकून बसणं तर नव्हेच. खरी भागीदारी म्हणजे मधे एक संस्था असते जी दोन्ही बाजूंना ओळखते, कंपनी तिला आधीच सांगते की पुढच्या वर्षी मला कुठली किती माणसं लागणार, त्यांना नक्की काय यायला हवं, ट्रेनिंग त्यानुसार ठरतं, आणि मग ती संस्था आपल्या नावावर माणूस पाठवते. म्हणजे वस्तीला जो वशिला नव्हता तो ती संस्था होते. आणि माणूस कामावर लागल्यावरही ती सोडून देत नाही, सुपरवायझरशी खटकलं, घरी अडचण आली, तर फोन कोणाला करायचा ते दोघांनाही माहीत असतं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचं प्रोजेक्ट क्वेस्ट, त्यावर जरा सविस्तर बोलते कारण त्यात बारकावे खूप आहेत.

जानेवारी १९९० मध्ये जीन्सवाल्या लिव्हाय स्ट्रॉसने तिथला कारखाना बंद केला आणि काम कोस्टा रिकाला हलवलं. हजाराच्या वर माणसं एका झटक्यात बाहेर, त्यातल्या बहुतेक मेक्सिकन वंशाच्या बायका, वर्षानुवर्षं शिलाई मशीनवर बसलेल्या. शहरात नोकऱ्या नव्हत्या असं नाही, हॉस्पिटलं वाढत होती, नर्सेसची तर ओरड होती, पण त्या नोकऱ्यांना लागणारं शिक्षण या बायकांकडे नव्हतं, आणि सरकारी रीट्रेनिंग होतं ते दोन-चार महिन्यांचे कोर्स, ज्याच्या शेवटी परत कमी पगाराचंच काम. तिथे कॉप्स नावाची एक लोकसंघटना होती, १९७४ पासूनची, चर्चच्या पॅरिशांमधून उभी राहिलेली आणि भांडायला न घाबरणारी. त्यांनी आणि मेट्रो अलायन्स या दुसऱ्या संघटनेने घरोघरी बैठका घेतल्या. त्यात लोक सांगायचे की आम्ही ट्रेनिंग घेतलंय हो, एक सोडून तीन घेतलीत, भिंतीवर सर्टिफिकेटं लावलीत, नोकरी नाही. ट्रेनिंग द्यायचं आणि पुढचं देवावर सोडायचं, असा तो कारभार होता.

मग त्यांनी उलट्या टोकापासून सुरुवात केली. आधी कंपन्यांकडे गेले, बँकवाले, हॉस्पिटलवाले, आणि विचारलं तुम्हाला कुठली माणसं हवीत आणि किती हवीत, आणि शब्द द्या. शेकडो नोकऱ्यांचे शब्द घेतले, मग तो कागद घेऊन शहराकडे आणि राज्याकडे पैसे मागायला गेले, तेव्हाच्या गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी राज्याच्या निधीतून मदत दिली, आणि १९९२ मध्ये क्वेस्ट उभं राहिलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. सहसा आधी निधी येतो, मग कोर्स, मग विद्यार्थी आणि सगळ्यात शेवटी कोणीतरी विचारतं अरे यांना घेणार कोण.

दुसरं म्हणजे त्यांनी सगळ्याच कंपन्यांना हो म्हटलं नाही. ज्या कामात पगार घर चालण्याइतका नाही आणि पुढे बढतीची वाटही नाही ते काम यादीत घ्यायचंच नाही, मग मालक कितीही मागे लागो. मला हे फार आवडतं, कारण अशा योजनांत कंपनी नाराज होईल म्हणून सगळे इतके वाकतात की शेवटी कंपनीला फुकटात भरतीचं डिपार्टमेंट मिळतं आणि माणसाला मिळतं सहा महिन्यांचं हमालीचं काम. क्वेस्टच्या मागे लोकसंघटना होती म्हणून त्यांना नाही म्हणता आलं. नुसत्या एनजीओला ते इतक्या सहज जमत नाही.

ट्रेनिंगही लांबलचक, दीड-दोन वर्षांचं, तिथल्या कम्युनिटी कॉलेजमध्ये (कमी फीचं, दोन वर्षांचे कोर्स देणारं सरकारी कॉलेज), म्हणजे खरा मान्य कोर्स, नर्सिंग, मेडिकल रेकॉर्ड वगैरे. फी क्वेस्ट भरायचं, पुस्तकं, बसचे पैसे, पाळणाघराची मदत, कधी लाइट बिल थकलं तर तेही. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचं गणित-इंग्रजी कच्चं असेल तर आधी त्याची तयारी. आणि दर आठवड्याला समुपदेशकाबरोबर सगळ्यांची बैठक, तिथे हजर राहायचंच. पस्तिशीतली बाई, दोन मुलं, वीस वर्षांनी पहिल्यांदा वर्गात बसलेली, ती कोर्स सोडते तो अभ्यास जमत नाही म्हणून कमी आणि गाडी बंद पडली म्हणून जास्त, हे त्यांना बरोब्बर कळलं होतं.

आता हे खरंच चाललं का, की नुसत्या गोष्टी सांगतायत? तर याची कडक तपासणी झालीय. २००६ ते २००८ मध्ये अर्ज केलेल्या ४१० लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं, एका गटाला क्वेस्ट मिळालं, दुसऱ्याला नाही, आणि मग वर्षानुवर्षं दोघांची कमाई पाहत राहिले. सुरुवातीला क्वेस्टवाले पुढे दिसलेच नाहीत, साहजिक आहे, ते शिकत होते तेव्हा दुसरे कमावत होते. जर कोणी दोन वर्षांनी रिपोर्ट लिहून फाइल बंद केली असती तर योजना फेल असंच लिहिलं असतं. पण नंतर अंतर पडत गेलं आणि नवव्या वर्षी क्वेस्टवाले वर्षाला ५,००० डॉलरच्या वर जास्त कमवत होते. अशा योजनांत फायदा सहसा दोन-तीन वर्षांत विरून जातो, इथे तो टिकला, म्हणून जाणकार लोक सारखं याच उदाहरणाकडे बोट दाखवतात.

क्वेस्ट एकटंच नाही. मिलवॉकीत युनियन आणि कारखानदार यांनी मिळून १९९२ मध्ये एक ट्रेनिंग संस्था काढली, हो, युनियन आणि मालक एका टेबलावर. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये पर स्कोलास ही संस्था कॉम्प्युटर दुरुस्ती, आयटी सपोर्ट शिकवते. या दोन आणि बोस्टनची एक अशा तीन संस्थांचा एकत्र अभ्यास २०१० मध्ये आला, त्यातही दोन वर्षांत साधारण १८ टक्के म्हणजे ४,५०० डॉलर जास्त कमाई दिसली. तिघांतही सारखं काय होतं तर एका क्षेत्राला धरून बसणं आणि तिथल्या मालकांशी रोजची ऊठबस. सगळ्यांसाठी सगळं असा प्रकार नव्हता.

याच्या उलट बोस्टन कॉम्पॅक्ट. १९८२ मध्ये शहरातल्या मोठ्या कंपन्यांनी आणि सरकारी शाळांनी करार केला, कंपन्या म्हणाल्या आम्ही तुमच्या मुलांना नोकऱ्या देऊ, शाळा म्हणाल्या आम्ही हजेरी सुधारू, गळती कमी करू. कंपन्यांनी आपला शब्द बऱ्यापैकी पाळला, मुलांना नोकऱ्या मिळाल्या पण. शाळेतली गळती मात्र हलली नाही. का हलावी? बारावीनंतर नोकरी मिळेल या आश्वासनाने नववीत घर चालवायला काम शोधणारं पोरगं शाळेत कसं थांबेल? तरीही या कराराचं इतकं कौतुक झालं की पुढे लंडनच्या ईस्ट एंडमध्ये त्याची नक्कल झाली.

क्लीव्हलंडचा मार्ग अजून वेगळा. तिथे कोणीतरी असा विचार केला की कंपन्या देश सोडून जातात, पण हॉस्पिटल आणि युनिव्हर्सिटी कुठे जाणार? युनिव्हर्सिटी सर्कल नावाच्या भागात क्लीव्हलंड क्लिनिक, युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्स आणि केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटी अशा तीन बलाढ्य संस्था, त्यांची वर्षाची खरेदीच ३ अब्ज डॉलरच्या घरात, आणि भोवती शहरातल्या सगळ्यात गरीब वस्त्या, त्यातली हफ ही वस्ती १९६६ च्या दंगलीसाठी आठवली जाते. मग क्लीव्हलंड फाउंडेशनच्या पुढाकाराने ठरलं की या खरेदीतला तुकडा वस्तीकडे वळवायचा. २००९ मध्ये एव्हरग्रीन नावाची लाँड्री सुरू झाली, हॉस्पिटलच्या चादरी धुणारी, आणि तिचे मालक तिथे काम करणारेच. ठरावीक काळ काम नीट केलं की सभासद व्हायचं, त्याचे ३,००० डॉलर एकदम नाही, पगारातून तासाला अर्धा डॉलर कापून.

कागदावर सुंदर. प्रत्यक्षात मात्र सुरुवातीची बरीच वर्षं मोठ्या हॉस्पिटलांनी आपलं मुख्य काम दिलंच नाही, त्यांचे जुन्या ठेकेदारांशी करार होते, लाँड्री नर्सिंग होमच्या, म्हणजे तिकडच्या वृद्ध-आजारी माणसांना सांभाळणाऱ्या निवासांच्या, कामावर तग धरून राहिली. मोठं काम आलं ते २०१८ मध्ये, क्लीव्हलंड क्लिनिकने आपली अख्खी लाँड्री चालवायला एव्हरग्रीनकडे दिली, सुमारे शंभर माणसं एकदम वाढली. म्हणजे सुरुवातीपासून नऊ वर्षं! व्यासपीठावर भाषण देणारा अध्यक्ष वेगळा आणि टेंडर काढणारा परचेस मॅनेजर वेगळा, दुसऱ्याला बोनस मिळतो तो खर्च वाचवल्याबद्दल, वस्तीला काम दिल्याबद्दल नाही. जॉन्स हॉपकिन्स या युनिव्हर्सिटी आणि हॉस्पिटलने हे बाल्टिमोरमध्ये जरा बरं हाताळलं, तिथे २०१५ मध्ये फ्रेडी ग्रे हा तरुण पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या जखमांनी मेला आणि शहर पेटलं, त्यानंतर त्यांनी थेट टार्गेट जाहीर केलं, ठरावीक सुरुवातीच्या नोकऱ्यांतल्या ४० टक्के शहराच्या सगळ्यात पिचलेल्या वस्त्यांतून भरू. आकडा जाहीर केला की निदान कोणीतरी विचारू तरी शकतं, काय झालं त्याचं?

आता या सगळ्यातली न बोलली जाणारी बाजू. या यशस्वी योजना चाळण लावतात. बारावीइतकी परीक्षा पास हवी, वाचन-गणिताची चाचणी, ड्रग टेस्ट, मुलाखत. अर्ज करणाऱ्यांतले थोडेच आत येतात. कंपनीचा विश्वास टिकवायचा तर ते करावं लागतं, एक माणूस तिसऱ्या दिवशी गायब झाला की पुढच्या दहा जणांचा रस्ता बंद. पण मग जो सातवीत शाळा सुटलेला, नुकताच तुरुंगातून आलेला, तो बाहेरच राहतो, आणि सगळ्यात अडलेला तर तोच. न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्समध्ये ग्रेस्टन नावाची बेकरी आहे, १९८२ पासूनची, ती बरोब्बर उलट करते, यादीत नाव लिहा, नंबर आला की काम, मुलाखत नाही, रेकॉर्ड विचारणं नाही. बेन अँड जेरीज आइसक्रीममधले ब्राउनी तिथून जातात. ते चालतं कारण काम शिकायला सोपं आहे आणि गिऱ्हाईक पक्कं आहे. नर्सिंगला तसं करता येणार नाही हे उघड आहे. म्हणून दोन्ही लागतात, आणि कोणी एकाच नमुन्याला सगळ्यावरचं औषध म्हणून विकत असेल तर जरा सावध राहावं.

मुंबईकरांना यात गिरणगाव दिसल्याशिवाय राहणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि नंतर त्याच गिरण्यांच्या जागेवर मॉल आणि ऑफिसं आली. म्हणजे अमेरिकेत नोकऱ्या वस्तीपासून लांब गेल्या, परळला नव्या नोकऱ्या चाळीच्या दारात आल्या आणि तरी चाळीतल्या मुलाला मिळाल्या त्या बऱ्याचदा ठेकेदारामार्फत सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगच्या. अंतराने काही बिघडलं नव्हतं, मधे दोन्हीकडचं ओळखणारं कोणी नव्हतं. आपल्याकडे मालकाला गुंतवायचा कायदा मात्र जुना आहे, १९६१ चा अ‍ॅप्रेंटिस कायदा, त्याच्या आताच्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायलाच हवेत. पण ते कुठल्या वस्तीतून घ्यावेत आणि वर्ष संपल्यावर त्यांचं काय, याबद्दल तो आकडा काही सांगत नाही.

खर्चाचं विचाराल तर क्वेस्टला एका माणसामागे दहा हजार डॉलरच्या घरात खर्च येतो, आणि म्हणूनच ते दरवर्षी काही शेकड्यांपुरतंच राहिलं. ही तक्रार सॅन अँटोनिओतही होतीच. शेवटी नोव्हेंबर २०२० मध्ये, ऐन कोविडात, तिथल्या मतदारांसमोर प्रश्न ठेवला की सेल्स टॅक्समधला दर डॉलरमागे एक अष्टमांश सेंट काही वर्षं नोकरीच्या ट्रेनिंगला द्यायचा का. आधी तो पैसा पाण्याच्या स्रोतांचं रक्षण आणि नदीकाठचे रस्ते-बागा यावर जायचा, म्हणजे लोकांच्या आवडीचीच कामं. तरी प्रस्ताव मोठ्या फरकाने पास झाला, प्रचारात कॉप्सवाले पुढे होते, आणि २०२२ मध्ये रेडी टू वर्क नावाने ते सुरू झालं. त्यात चांगली नोकरी लागली असं धरायचं तर तासाला किमान १५ डॉलर मिळायला हवेत असं ठरलं, त्याखालची धरायची नाही.